टाकी दिसत नाही

हुपरीच्या माणसाला विचारा, कोल्हापूरहून येताना घर आलं असं कधी वाटतं? तो वेशीचं नाव घेणार नाही, चांदीच्या दुकानांचं तर नाहीच नाही. माळावरची पाण्याची टाकी, असं म्हणेल. एसटीच्या खिडकीतून ती उंच खांबांवरची पांढरी टाकी दिसली की बायका पिशव्या सावरायला लागतात, पेंगणारी पोरं डोळे उघडतात आणि कुणीतरी बोलतंच, "आलं बगा." वास्तविक तिथून गाव अजून चांगलं लांब असतं. पण हे हुपरीकरांना सांगायला जाऊ नये. ते ऐकणार नाहीत, वर तुम्हालाच चार गोष्टी ऐकवतील.

आदिती बिरनाळे ह्याच रस्त्यानं कॉलेजला जायची. घर जैनांचं, पैंजण घडवणाऱ्यांचं. पुढच्या सोप्यात बाप श्रीपाल कड्या जोडतोय, मागं आई राजमती पैंजणांना घुंगरू लावतेय आणि मधल्या खोलीत पोरगी पुस्तकात डोकं घालून बसलीय, असं ते घर. गल्लीला वाटलं, फार तर बँकेत लागेल. पोरगी लागली विमानांच्या खात्यात. विमान चालवत नाही, विमानात चहाही देत नाही, मग करते काय, हे गल्लीला काही केल्या कळेना. शेवटी शेजारच्या हंबीररावांनी निकाल दिला, "अरं, चौकातला पोलीस असतोय न्हवं, तसं. फकस्त वर बघून." आणि खरं सांगायचं तर ह्याहून सोपं करून कुणाला सांगता येणार नाही.

चेन्नई झाली, अहमदाबाद झालं आणि बदली मागून मागून ती अखेर घराजवळ उजळाईवाडीच्या टॉवरवर आली. टॉवर म्हणजे चारी बाजूंना काचा असलेली उंचावरची खोली. खाली धावपट्टी, पश्चिमेला गगनबावड्याकडून येणारं आभाळ, पूर्वेला हुपरीचा माळ. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं पूर्वेकडून, म्हणजे हुपरीच्या अंगानं उतरतात. धावपट्टीजवळ किती अंतरापर्यंत दिसतंय हे यंत्र सांगतं. पण येणाऱ्या वाटेवर किती दिसतंय हे माणसानंच डोळ्यांनी बघायचं. त्यासाठी खुणा ठरलेल्या. जवळ एका देवळाचा कळस, पुढं कारखान्याचं धुराडं आणि त्याच्याही पुढं ती टाकी. टाकी दिसली, तर विमानानं उतरायला यावं. नाही दिसली, तर येऊ नये. आदितीला पहिल्या दिवशी हे समजलं तेव्हा ती मनातून हरखली होती. उभी हयात जी टाकी बघितली, तीच आता सरकारी कामात आली म्हणून.

त्या दिवशी येणारं विमान बेंगळुरूचं होतं आणि त्यात राजमती होती.

थोरल्या मुलाकडं गेली होती बसनं. परतीचं तिकीट मुलानं विमानाचं काढलं. विमानात बसायची तिची ही पहिलीच खेप. मग काय, आमच्याकडं पावण्याला आणायला एकटा माणूस जातो होय? श्रीपाल आला, हंबीरराव आपली क्रूझर घेऊन आले आणि क्रूझरमध्ये मावतील तेवढ्या गल्लीतल्या बायका आल्या. हंबीररावांनी हलगीवालाही ठरवला होता. सुरक्षेच्या जवानानं त्याला फाटकाबाहेरच अडवला, तेव्हा हंबीरराव त्या जवानाला समजावत होते की ही हलगी स्फोटक नसती बाबा, नुसती वाजती. श्रीपालच्या हातात जेवणाचा डबा. राजमती बाहेरचं खात नाही आणि दिवस मावळल्यावर तर पाण्यापलीकडं काहीच घेत नाही. तेव्हा उतरल्याबरोबर तिला जेवायला घालायचं, एवढाच त्याचा बेत.

हे सगळं लटांबर वाहनतळावर उभं होतं आणि टॉवरच्या काचेतून आदितीला स्पष्ट दिसत होतं. तिला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

तिच्या शेजारी मोना मॅडम होत्या. नागपूरच्या. वयानं आणि अनुभवानं आदितीपेक्षा बऱ्याच मोठ्या, मोठमोठ्या विमानतळांवर काम केलेल्या, पण इथं नुकत्याच बदलून आलेल्या. नवीन ठिकाणी आलं की कितीही मुरलेला माणूस असो, आधी काही दिवस शेजारी बसून जागा समजून घ्यायची आणि परीक्षा झाल्यावरच माईक हातात घ्यायचा, असा नियम आहे. चांगला नियम आहे. त्यामुळं मोना मॅडम बघत होत्या, विचारत होत्या आणि आदितीच्या बोलण्याची थट्टा करत होत्या. "तुम्ही कोल्हापूरचे लोक प्रेमानं बोलता का भांडून राहता, काही कळतच नाही बा," असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या.

विमान लांब होतं तोवर आभाळ बरं होतं. मग गगनबावड्याकडून काळोखी उठली. पश्चिमेचा डोंगर गेला, शहर गेलं, मग पाऊस धावपट्टीवरून असा पळत गेला की बघताबघता पूर्वेच्या माळात शिरला. मागं बारीक भुरभुर राहिली. काचांवरून पाणी निथळत होतं.

रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला. शांत, जरासा खर्जातला. रेडिओवर बोलायचं ते ठरलेल्या इंग्रजी शब्दांत; पण त्याचा अर्थ एवढाच होता की मी खाली यायला तयार आहे, तिकडं कसं दिसतंय?

आदितीनं पूर्वेला बघितलं. कळस होता. धुराड्याचा काळसर दांडा होता. त्याच्या उजवीकडं, पावसापलीकडं, पांढरी टाकी होती. तिनं सांगून टाकलं. टाकीएवढ्या अंतरापर्यंत दिसतंय. कॅप्टननं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं आणि विमान ढगांतून खाली यायला निघालं.

मोना मॅडम काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्यांनी आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं.

"कुठं आहे गं ती टाकी?" त्या म्हणाल्या. "मला तर नुसतं पांढरंच दिसून राहिलं."

बस्स, एवढंच. त्यांना शंका काढायची नव्हती की चूक दाखवायची नव्हती. नवीन माणूस जागा विचारतो, तसं त्यांनी विचारलं.

आदितीचा हात बटणावर गेला. काचेकडं वळूनही बघायच्या आधी गेला. ती ठरलेल्या शब्दांत, एका दमात बोलली की दुरुस्ती, आधी सांगितलेलं चूक आहे, टाकी दिसत नाही, दृश्यता उतरण्यापुरती नाही. आवाज कापला नाही. बटण सोडलं आणि मग तिनं मान वळवली.

पूर्वेला टाकी नव्हती. कळस होता, धुराड्याचा अर्धा दांडा होता आणि त्याच्यापुढं धुतलेलं धोतर वाळत घालावं तसा पांढरा पडदा होता. मघाशी तिनं बघितली ती टाकी माळावरची नव्हती, तिच्या डोक्यातली होती. इतकी वर्षं जिथं बघायची सवय, तिथं डोळ्यांनी आपली आपण उभी केलेली. परका माणूस असली चूक करणार नाही. त्याला दिसत नसेल तर दिसत नाही, संपलं. ही चूक फक्त हुपरीच्या माणसालाच करता येते.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? पायलटला धावपट्टी दिसली नाही तर तो वर जाणारच की. जातोच. पण ज्याला खालून 'दिसतंय' म्हणून सांगितलंय, तो माणूस जरा जास्त वेळ शोधतो. आता दिसेल, आत्ता दिसेल, म्हणून थोडा आणखी खाली येतो. ते 'थोडं आणखी' फार वाईट असतं. ह्या धंद्यातल्या शहाण्या माणसांना रात्री झोपेत घाम फुटतो तो त्याच्याच भीतीनं.

कॅप्टननं एक शब्द जास्त विचारला नाही. मघाशी दिसत होतं, आता का नाही, हे असं कसं, काही नाही. "वर जातोय," एवढंच म्हणाला. त्या माणसाला मानलं पाहिजे. दोन्ही इंजिनांचा आवाज वाढला, ढगांच्या आतून टॉवरवरून घरघरत गेला. डोळ्यांना काहीसुद्धा दिसलं नाही. काचा थरथरल्या. वाहनतळावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि आवाज जाईल तिकडं वळत राहिल्या.

त्या आवाजात आपली आई बसलीय, हे आदितीला तेव्हा आठवलं. गंमत बघा, दुरुस्ती सांगताना आठवलं नव्हतं. आता आठवलं. तिनं टेबलाची कड धरली.

"पाणी घे," मोना मॅडम म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता.

आदितीनं पाणी घेतलं नाही. तिनं विमानाला एका ठरलेल्या उंचीवर घिरट्या घालायला सांगितलं आणि मग ती मोना मॅडमकडं वळली.

"मॅडम, आता तुम्ही बघा. मी बोलतो, पण बघायचं तुम्ही. मला हितलं सगळं पाठ हाय. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा न्हाई."

ड्युटीवर ती इतकं घरच्या बोलीत कधी बोलत नसे. त्या वेळी बोलली. मोना मॅडमनी दुर्बीण उचलली आणि पूर्वेच्या काचेपाशी उभ्या राहिल्या.

मग सुरू झालं ते वाट बघणं. पावसाळी आभाळ फार खोडसाळ. पश्चिमेला ढग फाटले आणि नेमकं वाहनतळावर ऊन पडलं. चकचकीत, पिवळं. लगेच हंबीरराव क्रूझरच्या टपावर चढले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तो आभाळाकडं बघत फिरवायला सुरुवात केली. मग टॉवरकडं वळून दोन्ही हातांनी उन्हाकडं दाखवलं. ऐकू काही येत नव्हतं, पण ते काय म्हणत असतील ते आदितीला शब्दन् शब्द कळत होतं. अगं ऊन पडलंय की! उतरीव की! खाली श्रीपाल डबा छातीशी धरून उभा होता आणि टॉवरकडंच बघत होता.

"दिसतीय?" आदितीनं विचारलं.

"नाही."

कॅप्टननं विचारलं. आदितीनं सांगितलं, नाही. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मोना मॅडमकडं बघितलं. मोना मॅडमनी मान हलवली. एकदा धुराड्यामागं पांढुरकं काहीतरी उभं राहिल्यासारखं आदितीला वाटलं. दिसतंय की, असं तोंडाशी आलं. तिनं ओठ दाताखाली धरले. मोना मॅडम म्हणाल्या, "ढग आहे तो." आणि तो ढगच होता, सरकत निघून गेला.

शेवटी कॅप्टन म्हणाला की इंधन हिशेबात आहे तोवर बेळगावला जातो. आदितीनं वाट मोकळी करून दिली, बेळगावला कळवलं. निरोप घेताना त्यानं नेहमीचे दोन शब्द म्हटले आणि आवाज गेला.

टॉवरवर एकदम शांत झालं. आदितीनं फोन उचलला आणि आपल्या साहेबांना स्वतःहून सांगितलं. पहिली दृश्यता मी चुकीची सांगितली, नीट न बघता सांगितली. सगळं ध्वनिमुद्रित होतंच, त्यामुळं लपणार काहीच नव्हतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण कुणी टेप ऐकेल तेव्हा ऐकेल, म्हणून गप्प बसणारे आपण काय कमी बघितलेत? साहेबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलवून घेतो, तू आजच्या दिवस माईकवरून बाजूला हो, चौकशी होईल, असं म्हणाले. रागावले नाहीत. त्यानं तिला जास्तच वाईट वाटलं. घराजवळची ही बदली आता राहते की जाते, तेही कुणी सांगू शकत नव्हतं.

बदली माणूस आल्यावर ती खाली उतरली. मोना मॅडमही मागोमाग आल्या.

वाहनतळावर आधीच कुणीतरी बातमी पोचवली होती. हंबीररावांनी सरळ तोफच डागली. "काय गं, घरची बाई बेळगावला धाडलीस व्हय? हितं लख्ख ऊन, आनि म्हणं दिसत न्हाई! मला न्हाई व्हय दिसत?"

"काका, उतरायचं की न्हाई ते पायलट ठरवतो. आमी फकस्त खरं सांगायचं." ती थांबली. गल्लीतल्या बायका, हंबीरराव, बाप, सगळे तिच्याकडं बघत होते. "आनि तेबी मी पहिल्यांदा खरं सांगितलं न्हाई. न दिसणारी टाकी दिसती म्हणून सांगितली. त्यावर इस्वास ठेवून विमान खाली आलतं. मघा जे वर गेलं, ते माझ्यामुळंच खाली आलतं."

हंबीररावांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. श्रीपालनं एकदा पोरीकडं बघितलं आणि मान खाली घातली. तो मुळातच कमी बोलणारा. आता तर तो क्रूझरच्या पायरीवर जाऊन बसला आणि डबा मांडीवर घेऊन समोर बघत राहिला. आदिती जवळ गेली, उभी राहिली. त्यानं सरकून जागा दिली, पण मान वळवली नाही. ती त्याच्याशेजारी बसली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं तिला वाटत होतं.

बेळगावहून विमान कंपनीची बस आली तेव्हा दिवस मावळायला थोडकाच अवकाश होता. राजमती उतरली. हातात दोन पिशव्या, डोक्यावरचा पदर जागच्या जागी, चेहऱ्यावर पोरीसारखा आनंद. बायकांनी तिला गराडा घातला.

"अगं, काय सांगू," तिची सुरुवात झाली, "खिडकीत सगळं पांढरं. खाली चाल्लोय, चाल्लोय, आनि एकदम पोटात गोळा! विमान उभंच्या उभं वर! माझ्या शेजारची बाई रडाय लागली. मग त्या पायलटनं सांगितलं, खाली दिसत न्हाई म्हणून टॉवरवाल्यांनी कळवलंय, आपण बेळगावला जाऊया. मी त्या बाईला म्हटलं, रडू नगोस, खाली माझी लेक बसलीया."

आदितीला राहवलं नाही. तिनं आईचा हात धरला आणि जे मघाशी सगळ्यांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं.

राजमतीनं सगळं ऐकून घेतलं. हसू मावळलं. मग म्हणाली, "चुकलीस हे तुला कसं कळलं?"

"ह्या मोना मॅडमनी विचारलं. टाकी कुठं हाय म्हणून."

राजमती मोना मॅडमपुढं गेली. पिशव्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. "लई उपकार झालं, ताई. आज तुमी नसतासा तर काय झालं असतं."

मोना मॅडम अवघडल्या. त्यांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "मी फक्त विचारलं हो. जागा माहीत नव्हती म्हणून विचारलं. पण मी एक सांगते, मी पुष्कळ वर्षं हे काम करून राहिले. असं कुणी विचारलं ना, की माणूस आधी डोळे चोळतो. परत बघतो. खात्री करतो. आपलं चुकलं हे माईकवर बोलायला लागू नये म्हणून चार क्षण घालवतो. मीही घालवले असते. ही तुमची पोरगी आधी बोलली. विमान वर पाठवलं, अन् मग वळून बघितलं. असं करणारं माणूस मी माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं."

हंबीररावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं क्रूझरचं बॉनेट पुसून काढलं.

श्रीपाल पायरीवरून उठला. त्यानं क्रूझरच्या बॉनेटवर पंचा अंथरला, डबा उघडला. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. राजमतीला जवळ बोलावलं, मोना मॅडमना हातानं या म्हणून खूण केली. मग एक भाकरी मोडली, चटणी लावली आणि पहिला घास आदितीच्या तोंडापुढं धरला.

"खा," तो म्हणाला. "दिवस चाललाय."